पोळ्याच्या करीची मॅच अन् कॅचरची किट : कुठं सजवायचं, कुठं हात नाही लावायचा

ताई, तुझा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी दोन ओळीत मांडतो. दिग्रसकडच्या खेड्यातली तुमची शाळा, पोळ्याच्या करीला दरवर्षी तिथं जुने विरुद्ध नवे अशी बेसबॉलची मॅच होते, तुझा लहान भाऊ कॅचर (बॅट्समनच्या मागं बसून पिचरनं, म्हणजे बॉल टाकणाऱ्यानं, टाकलेला बॉल पकडते तो), पुढच्या महिन्यात तो पुण्याला कामाला जाऊन राहिला म्हणून गावातली ही त्याची शेवटची मॅच, अन् त्याला कळू न देता तुला त्याची किट पोळ्याच्या बैलासारखी सजवायची आहे. हेल्मेटवर 'कबऱ्या' लिहायचं आहे कारण तो बैल तुम्ही दोन वर्षांआधी विकला. बजेट हजार रुपये, हातात पाच दिवस, अन् सगळ्यात खाली तू हळूच लिहिलं की किट शाळेची आहे.

ते जे सगळ्यात खाली लिहिलं ना, माझ्यासाठी तेच पयलं आहे. शाळेची किट म्हणजे तुझ्या भावाच्या नंतर ती घालून दुसरं कोणतं तरी पोट्टं जिल्ह्याच्या स्पर्धेत बसणार, आणि पोळा गेला की शालेय स्पर्धांचा सीझन असतोच. म्हणून जे काही लावशील ते करीच्या संध्याकाळी निघालं पाहिजे, जशी बैलाची झूल रात्री उतरते तशी. मी स्वतः अकरा वर्षं प्लेटच्या (म्हणजे होम, बॅट्समन उभा राहते ती जागा) मागं बसलो, गुडघे गेले तेव्हा उठलो, आता पोरं शिकवतो अन् आजूबाजूच्या शाळांच्या किटा शिवून देतो, त्यामुळं सजवलेल्या किटा नंतर कोणत्या हालतीत येतात हे माझ्या हातून गेलेलं आहे.

तुझ्या डोक्यात ऑइल पेंट असेल. शिंगं रंगवतो तसं हेल्मेट रंगवू, घरात अर्धा डबा उरलेला असतेच. तो डबा उघडूच नको. शिंग वेगळं अन् हेल्मेटचं कवच वेगळं, हे कवच एबीएस किंवा पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचं असते, आणि थिनर, पेट्रोल, नेलपॉलिश काढायचं ते लिक्विड, स्प्रेच्या डब्यातला द्राव, हे सगळं त्या प्लास्टिकला आतून खाते. वरून चकाचक दिसते, आत बारीक चिरा पडून राहतात. हेल्मेटच्या आतल्या बाजूला बहुतेक कंपन्यांचं लेबल असते, त्यावर रंग अन् थिनर लावू नका असं लिहिलेलंच असते, पण ते वाचते कोण.

मी नाही वाचलं. कॉलेजला असताना एका मॅचसाठी मी माझं हेल्मेट गॅरेजमधल्या स्प्रेनं काळं-पिवळं मारलं होतं, नागपूरच्या मारबतीचे दोन रंग म्हणून, लय भारी वाटलं होतं, सगळ्यांनी फोटो काढले. महिना-दीड महिना झाला अन् स्क्रूच्या भोवती केसासारख्या रेघा दिसायला लागल्या, मला वाटलं रंग तडकला. मग एक दिवस सरावात साधी फाउल टिप आली, बॅटला चाटून मागं येते ती, अन् कानावरचा भाग तुकडा होऊन मातीत पडला. मला काही झालं नाही, कान दोन दिवस वाजला बस. पण तो तुकडा मी उचलून पायला तं रंगाखाली प्लास्टिक आरपार चिरलेलं होतं, बिस्किटासारखं. बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा असतो, हातात घेतला तं काहीच नाही वाटत, पण पिचर साडेअठरा मीटरवरून टाकते अन् बॅटला चाटून तो दिशा बदलते तेव्हा कॅचरजवळ डोळा मिटायलाही वेळ नसतो.

मग हेल्मेटवर कबऱ्या लिहायचा कसा? बसस्टँडजवळ गाड्यांच्या नंबर प्लेट बनवणारा रेडियमवाला असतेच, त्याच्याकडं जा. आपण सगळ्यालाच रेडियम म्हणतो, पण त्याला साधा विनाइल माग, मॅट फिनिशचा, चमकणारा नको. रात्री लाईट पडला की चकाकते तो खरा रेडियम तं बिलकूल नको, उन्हात पिचरच्या डोळ्यावर मारते अन् अंपायर पयल्या इनिंगमध्येच काढायला लावते. दुकानात जायच्या आधी हेल्मेटच्या मागच्या बाजूवर वर्तमानपत्राचा कागद ठेवून हातानं दाबून घे, घडी पडते तिथं कात्रीनं चिरे दे, म्हणजे तुला कळते की सपाट जागा किती आहे. सहसा मागं आडवी दहा-बारा सेंटिमीटरची पट्टी मिळते, त्यात 'कबऱ्या' सहज बसते. अक्षरं सुटी सुटी कापून घे, एकच मोठा स्टिकर गोल कवचावर चुण्या पडून बसते. आणि तो रेडियमवाला सवयीनं हीट गन काढेल, गाडीच्या टाकीवर लावते तसा, त्याला हात जोडून थांबव. स्टिकर तू घरीच लाव, हेल्मेट साबणाच्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडं करून, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं दाबत.

समोरच्या बाजूला कपाळावर काही लावू नको. बाशिंगाची जागा तीच आहे हे मला कळते, पण तिथं बॉल लागतो, आणि कवच गुळगुळीत ठेवलेलं असते ते बॉल घसरून जावा म्हणून. जाड स्टिकर, कुंदन, टिकल्या लावल्या की बॉल तिथं अडकून सगळा झटका मानेला देते. स्क्रूच्या जागा, हवेची भोकं, अन् कंपनीचा किंवा नॉक्सीचा शिक्का असेल तो (ही अमेरिकेतली खेळाच्या सेफ्टी सामानाचे मापदंड ठरवणारी संस्था) यातलं काहीही झाकायचं नाही. समोरच्या लोखंडी जाळीला तं हातच नको लावू. जाळीचे बार काळे असतात ते शोभेसाठी नाहीत, डोळ्यासमोर चमकू नये म्हणून असतात. एका पोरानं बेगड गुंडाळली होती जाळीला, सोनेरी, दोन पिच झाल्यावर स्वतःच ओरबाडून काढली, त्याला बॉलऐवजी सूर्य दिसून राहिला होता.

आता चेस्ट गार्ड. तुझ्या मनात झूल असणार. आरशांची, जरीच्या काठाची, छातीवरून खाली लोंबणारी. दिसेल सुंदर, मी नाही म्हणत नाही. पण दोन अडचणी आहेत, त्यातली एक तं नियमाचीच आहे. पिच केलेला बॉल कॅचरच्या किटमध्ये जाऊन अडकला तं रनरना एक बेस, म्हणजे पुढचा एक थांबा, फुकट मिळतो. सैल कापड म्हणजे बॉलसाठी झोळीच. आमच्याकडं एकदा असंच झालं, कॅचरनं चेस्ट गार्डवर बहिणीची ओढणी बांधली होती, थर्डवर, म्हणजे होमच्या आधीच्या बेसवर रनर, बॉल टप्पा पडून ओढणीत गेला अन् आत गुंडाळून बसला, हा आपला मातीत शोधून राहिला, सगळं मैदान हसून राहिलं, अन् रनर चालत चालत होमवर आला. मॅच एका रननं गेली. ओढणीवाल्या बहिणीला अजूनही घरी चिडवतात.

दुसरी अडचण खेळाची. चांगला चेस्ट गार्ड बॉलला मारून टाकते, म्हणजे छातीवर आदळलेला बॉल तिथंच समोर पायाशी पडला पाहिजे, उडून दूर गेला की रनर पळाला. ते काम आतला फोम करते. त्यावर आरसे, टिकल्या, जाड एम्ब्रॉयडरी असं टणक काही आलं की बॉल उसळते. म्हणून छातीच्या मधोमध काही नाही. हृदयाच्या बाजूला तं अजिबातच नाही, तिथं बसलेल्या फटक्यानं हृदय बंद पडू शकते, हे उगीच घाबरवत नाही, अमेरिकेत हायस्कूलच्या कॅचरना २०२० पासून त्यासाठी टेस्ट केलेला चेस्ट गार्ड सक्तीचा केला आहे. टेलरकडं नेऊन मशीनखाली घालू नको, सुई फोम फोडते अन् घामाचं पाणी त्या भोकातून आत जाऊन फोम कुजते. टी-शर्टवर नाव छापतात ती गरम प्रेसही नको, ती दीडशे डिग्रीच्या आसपास तापते, फोम पापड होऊन बाहेर येईल.

जमते काय, तं पोटाच्या खालच्या कडेला अन् डाव्या खांद्याच्या टोकावर कापडाचा पातळ तुकडा, फक्त वरच्या कापडात सुई धरून, हातानं कच्चा धावदोरा. त्यावर तू आधीच भरतकाम करून ठेव, फॅब्रिक पेंटनं काही काढायचं तं त्या सुट्या तुकड्यावर काढ, वाळलं की मग टाक. मॅच झाली की धागा ओढला, तुकडा हातात. उजव्या खांद्यावर काही नको, भाऊ उजव्या हातानं थ्रो करत असेल तं. होमपासून सेकंड बेस जवळजवळ ३९ मीटर लांब आहे, बेस चोरणाऱ्या, म्हणजे पिच होताच पुढच्या बेसवर पळणाऱ्या रनरला पकडायला बसल्या जागेवरून उठून तेवढं फेकायचं असते, तिथं खांद्याला सुताचाही अडथळा कळते.

लेग गार्ड ही मात्र तुझी हक्काची जागा. पैसे अन् हौस दोन्ही इथं घाल. मोठे टणक पत्रे असतात प्लास्टिकचे, गुडघ्यावर दोन-तीन वाट्या, खाली नडगीची पाटी, सगळ्या लोकांना दिसते पण पिचरचं लक्ष तिकडं नसते. नडगीच्या पाटीवर बाहेरच्या बाजूनं विनाइल लाव, कबऱ्याच्या अंगावर कसे ठिपके होते त्याचा फोटो घरात असेल तं तसेच काळे-पांढरे ठिपके कापून घे, माझ्या मते नावापेक्षा हेच जास्त भारी दिसेल अन् भाऊ बिना वाचता ओळखेल. वाट्यांच्या सांध्यावर स्टिकर नको, पाय दुमडला की सोलून निघते. पट्टे बदलायचे असतील तं शिवणकामाच्या दुकानात रुंद इलास्टिक मीटरवर मिळते, लाल-हिरवं कसंही, जुने काढून पिशवीत जपून ठेव. अन् एक लक्षात ठेव, पट्ट्यांचे हुक नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला आले पाहिजेत, आतल्या बाजूला आले तं धावताना एका पायाचा हुक दुसऱ्यात अडकून माणूस तोंडावर पडते. दरवर्षी एक तरी पडतोच.

घुंगरं नको बांधू. मला माहीत आहे तू हेच विचारणार होती. पोळा म्हटलं की पायात घुंगरं पाहिजेच असं मलाही वाटलं होतं, म्हणून आमच्या कॅचरच्या लेग गार्डला मीच बांधून दिली होती, दोन्ही पायाला पाच पाच. पयल्या दोन इनिंग लोकांना मजा आली. मग समोरच्या टीममधला एक म्हातारा बॅट्समन, म्हणजे म्हातारा काय, पस्तीसचा असेल, तो प्रत्येक बाहेरचा पिच बरोबर उजवीकडं मारायला लागला. आम्हाला कळेना याला कसं समजून राहिलं. कॅचर साईन, म्हणजे पिचरला बोटांचा इशारा, देऊन झाल्यावर बाहेरच्या कोपऱ्यावर सरकते ना, तेव्हा घुंगरं वाजत होती. बॅट्समनला मागं वळून बघता येत नाही, पण कान तं उघडेच होते. तिसऱ्या इनिंगला त्यानंच हसत सांगितलं, घुंगरं काढा बे, मला लाज वाटून राहिली.

मिट, म्हणजे कॅचरचा तो जाड ग्लोव्ह, याचं वेगळं सांगतो. चामड्याला रंग नाही, पॉलिश नाही, मार्कर नाही, शाळेचा आहे अन् मार्कर जन्मात निघत नाही. बॉल बसतो त्या खोलगट जागेला तं तेलाशिवाय कशाचाच हात नको. पण लेस बदलता येते, आणि माझ्या मते किटमधली सगळ्यात देखणी गोष्ट तीच असते. वरच्या कडेची लेस काढून रंगीत चामड्याची घाल, खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळाली तं ठीक, नाहीतर चपला शिवणाऱ्या काकांकडून पट्टी कापून आण, जुनी लेस नमुना म्हणून सोबत ने, रुंदी तेवढीच पाहिजे. नायलॉनची दोरी नको, कासऱ्याची तं नकोच, ती चामड्याची भोकं कापत जाते. सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून आकडा कर, त्यानं लेस ओढून घे. रंग मात्र गडद घे. नियमात पिचरला पांढरा किंवा राखाडी ग्लोव्ह चालत नाही, बाकीच्यांनाही फार फिकट रंग चालत नाही, कारण बॉल पांढरा आहे अन् फिकट चामड्यात तो हरवते. मिटचा घेर ३८ इंचापेक्षा जास्त नको असाही नियम आहे, म्हणून कडेनं झालर-बिलर शिवायचा विचार असेल तं सोड.

नेलपॉलिश आण एक, पांढरी नाहीतर फिक्कट पिवळी. ही सजावट नाही, कामाची गोष्ट आहे. पोळ्याच्या दिवसात आभाळ भरलेलं असते, चार वाजताच अंधारून येते, अन् पिचरला कॅचरच्या बोटांचे इशारे दिसत नाहीत. उजव्या हाताच्या बोटांची नखं रंगवली की दिसतात. अमेरिकेतल्या मोठ्या लीगचे कॅचरही हे करत आले आहेत, कोणी पॉलिश लावते, कोणी स्टिकर. तिथं २०२२ पासून बटण दाबून पिचरच्या टोपीत इशारा ऐकू जाते असं यंत्र आलं, आपल्याकडं नेलपॉलिशच चालू द्या. भाऊ लाजला तं त्याला सांग बैलाचे खूर पण रंगवतात.

कोणी म्हणेल हे असले नखरे काहून. तं नखरे या जागेला जुनेच आहेत. पयला मास्क १८७७ च्या सुमारास हार्वर्डमध्ये तलवारबाजीच्या मास्कवरून बनवला, १९०७ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा रॉजर ब्रेस्नाहन लेग गार्ड घालून प्लेटमागं बसला तेव्हा लोकांनी त्याची टर उडवली होती, आणि आज तू ज्याला हेल्मेट म्हणून राहिली तो गोल प्रकार १९९६ मध्ये टोरांटोच्या चार्ली ओब्रायननं आइस हॉकीच्या गोलकीपरचं पाहून आणला. २०१७ मध्ये मेजर लीगनं एक पूर्ण वीकेंड ठेवला होता ज्यात प्लेयर जर्सीवर आडनावाच्या जागी टोपणनाव घालून खेळले. म्हणजे पाठीवर कबऱ्या लिहून खेळणं काही वेडेपणा नाही. उलट मला विचारशील तं जर्सीवर मोठ्या अक्षरात लिही, तिथं काहीच धोका नाही, कापड स्वतःचं आहे, भाऊ ते पुण्याला घेऊन जाईल.

अन् तुला खरंच ऑइल पेंट, बेगड, गोंडे, कवड्या, सगळं करायचंच असेल तं एक जागा आहे. शाळेच्या खोलीत तडा गेलेलं एक तरी हेल्मेट पडलेलं असतेच, सरांना विचारून ते घे. त्याला शिंगं लाव, मठाटी बांध, हिंगूळ फास, काय करायचं ते कर. मॅचच्या आधी टीम तोरणाखाली उभी राहते तेव्हा ते भावाच्या डोक्यावर घाल, झडत्या म्हणा, फोटो काढा. पिचर मैदानात गेला की ते उतरवून खेळायचं हेल्मेट. पण त्या जुन्यावर आतून मोठ्या अक्षरात 'खेळायचं नाही' लिहून ठेव, नाहीतर पुढच्या वर्षी एखादं नवीन पोट्टं तेच घालून प्लेटमागं बसेल.

सरांना आजच सांग. सरप्राईज भावासाठी आहे, सरांसाठी नाही. मॅचला जे अंपायर असतील, गावातलेच कोणी माजी खेळाडू असतील बहुतेक, त्यांना अर्धा तास आधी सगळी किट दाखव, ते म्हणाले हे काढा तं वाद न घालता काढायचं.

काढायचं पण सांगून ठेवतो. विनाइल कोपऱ्यातून धरून सावकाश मागं दुमडत ओढ, निघत नसेल तं कोमट पाण्यात साबण करून फडकं दहा मिनिटं ठेव. गोंद राहिला तं त्यावर सेलोटेप चिकटवून झटकन ओढायची, चार-पाच वेळा, गोंद टेपवर येते. पेट्रोल नाही म्हणजे नाही, मागचं सगळं यासाठीच लिहिलं.

पोळ्याच्या आदल्या रात्री घरी खांदशेकणी असते, बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून आवतण देतात. त्याच रात्री अर्धा तास किटला दे. प्रत्येक पट्टा हातानं ओढून पाय, हेल्मेटचे स्क्रू हलतात का बघ, आतली स्पंज पुसून वाऱ्यावर ठेव, उन्हात नको, चेस्ट गार्डचा मागचा हुक वाकला असेल तं पक्कडनं सरळ कर. सजवायच्या नादात हे राहते अन् पयल्याच इनिंगला पट्टा तुटते.

खर्चाचं म्हणशील तं विनाइल दोन-अडीचशे, इलास्टिक शंभर-दीडशे, लेस दोनशे, जर्सीवर छपाई दीडशे-दोनशे, हजारात बसते. कामाचा क्रम असा धर की लेस आज, कारण चामड्याची पट्टी ओली करून ओढावी लागते अन् वाळायला दोन दिवस घेते, या हवेत तीन. विनाइल उद्या कापून आण पण लावू नको, आदल्या रात्री लाव. लेस ओढताना अंगठ्याच्या बाजूनं सुरू कर अन् गाठ हाताच्या मागच्या अंगाला येऊ दे, आतल्या बाजूला आली तं बॉल बसला की पयल्यांदा तीच बोटाला टोचते.